उजवलेला नवस

सुलाबाई आता पुरती बरी झाली, हे मनुबाईनं भावकीत सांगितलं, वाण्याच्या दुकानात सांगितलं, रहिमतपूरच्या बाजारात भेटलेल्या सोयऱ्यांनाही सांगितलं. सुलाबाईला मात्र कुणी विचारलं नाही. ती चुलीपुढं भाकरी थापत बसली होती, तेव्हा सासू उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "सुला, भैरोबाच्या नवसाचं पानी उजवायचं ठरीवलंय. येत्या पुनवंला. पुरनाचं गावजेवान घालू."

सुलाबाईच्या हातातली भाकरी तव्याच्या काठावर पडली आणि मोडली.

"एवढ्यात कशाला, आत्ती?"

"एवढ्यात कुठलं गं? देवानं त्येचं काम केलं. आता आपून मागं ऱ्हायलं तर बरं दिसंल का?" मनुबाईनं मोडलेली भाकरी उलथण्यानं सारखी केली. "आनि तुझी बी सुटका हुईल. थंडीवाऱ्याची किती दिस नदीवर जानार हाईस?"

सासू इतक्या आनंदात होती, की तो मोडायचं सुलाबाईच्या जिवावर आलं. तिनं दुसरा उंडा हातात घेतला.

मनुबाई काही वाईट सासू नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सासू म्हटली की माणसं लगेच कान टवकारतात. ऐन उमेदीत नवरा गेला, तेव्हापासून तिनं एकटीनं ऊस लावला, दादासो आणि शालू ही दोन पोरं वाढवली, विहिरीवर मोटर बसवली. एखादी गोष्ट हातात घेतली की ती तडीला नेल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. सुनेचं दुखणंही तिनं असंच हातात घेतलं होतं, आणि आता ते तडीला नेऊन ती मोकळी होणार होती.

ह्या दुखण्याला गावात नाव नव्हतं. आणीबाणी लागली त्या साली, धाकटं पोर नुकतं भिंत धरून चालायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी सुलाबाईला अंथरुणातून उठवेना. ताप नाही, खोकला नाही, पोटात कळ नाही. नुसतं उठवेना. पोर रडत होतं ते तिला ऐकू येत होतं, पण शेजारच्या घरातलं पोर रडावं तसं. मग रोज तेच व्हायला लागलं. भिंतीकडं तोंड करून ती पडून राहायची. कुणी ताट पुढं केलं तर खायची, नाही केलं तर मागायची नाही. केसांच्या जटा झाल्या. आपल्या डोक्यात ऊ झालीय हे तिला कळायचं, पण हात वर न्यायचं बळ कुठून आणायचं ते कळायचं नाही.

गावाला कारण हवं असतं. कारण सापडलं नाही तर माणसं ते तयार करतात. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. कुणी म्हणालं, वडूजकडच्या कोरड्या मुलखातली पोर, तिला कृष्णेचं पाणी मानवलं नाही. आणि शहाण्यासुरत्यांनी सरळ सांगितलं, की सुख टोचतंय. नवरा दारूला शिवत नाही, दारात दुभतं आहे, पदरात दोन लेकरं आहेत, हिला धाड भरलीय काय? ह्याचं उत्तर सुलाबाईकडं असतं तर तिनं ते आधी स्वतःला दिलं असतं. ती पडल्या पडल्या हाच प्रश्न स्वतःला विचारायची, आणि उत्तर सापडत नाही म्हणून तिला स्वतःची आणखी लाज वाटायची.

डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली आणि लाल औषधाची बाटली दिली. देवऋष्यानं लिंबू उतरवलं. दोघांनी आपापलं काम मन लावून केलं, आणि सुलाबाई होती तिथंच राहिली.

मग एका दुपारी मनुबाई गवताला म्हणून रानात गेली, तेव्हा सून तिला विहिरीच्या काठावर बसलेली दिसली. पाय आत सोडलेले. जवळ घागर नाही, दोर नाही. मनुबाईनं हाक मारली नाही. ती पाऊल न वाजवता मागून गेली, सुनेच्या कमरेला मिठी घातली आणि तिला मागं ओढलं. दोघी चिखलात पडल्या. मनुबाईचा धाप लागलेला श्वास किती तरी वेळ सुलाबाईच्या मानेवर लागत होता.

"घरात कुनाला सांगू नगंस," मनुबाई म्हणाली. पुढं त्या दोघींनी एकमेकींपाशीही ती गोष्ट काढली नाही.

पण त्याच संध्याकाळी मनुबाई भैरोबाच्या देवळात गेली आणि नवस बोलली. सून बरी होईस्तोवर रोज सकाळी ओलेत्यानं कृष्णेचं पाणी तुला घालेल; बरी झाली की गाव जेवू घालीन.

सुरुवातीला मनुबाईनं तिला दंडाला धरून नेलं. घाट उतरायचा, पाण्यात बुडी मारायची, कळशी भरून घ्यायची आणि अंगाला चिकटलेल्या लुगड्यानिशी गावातून देवळापर्यंत चालत यायचं. गाभाऱ्यात बायकांनी जायचं नाही, म्हणून कळशी उंबऱ्याशी ठेवायची. गुंडा गुरव ती उचलून देवावर ओतायचा आणि रिकामी कळशी नि चिमूटभर अंगारा परत द्यायचा. पहिले काही दिवस सुलाबाई हे सगळं झोपेत केल्यासारखं करत होती. तिला देवाचं काही वाटत नव्हतं. सासू ओढते म्हणून ती चालत होती.

पण पाणी गार असायचं. बुडी मारली की अंगावर सर्रकन काटा यायचा, आणि तेवढ्यापुरता छातीवरचा धोंडा विसरायला व्हायचा. घाटावर बनुबाई नावाची एक म्हातारी रोज धुणं धूत असायची. ती मान वर न करता म्हणायची, "आलीस?" सुलाबाई म्हणायची, "आले." दिवसातला पहिला शब्द तोंडातून निघायचा, आणि मग दुसरा त्यामानानं सोपा जायचा. पुढं सासूनं दंड सोडला तरी ती एकटी जायला लागली. देवळापुढं पाचोळा पडलेला असायचा, तो झाडायला लागली. हे नवसात नव्हतं. घरी येऊन ओलं लुगडं बदललं की केस ओले असायचेच, मग ते विंचरायचे. केस विंचरले की कुंकू लावायचं. कुंकू लावलेल्या बाईला परत अंथरुणात शिरायला कसंसंच होतं, म्हणून चूल पेटवायची. असं एकाला धरून एक दिवस पुढं सरकायचा.

हे भैरोबानं केलं ह्यात मनुबाईला तिळमात्र शंका नव्हती. सुलाबाईला मात्र कळत नव्हतं. देवानं केलं, की पाण्यानं, की नुसत्या चालण्यानं? असा विचार मनात आला की ती घाबरून देवाची क्षमा मागायची. एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. ती बरी झालेली नव्हती. रोज सकाळी डोळे उघडले की तो धोंडा छातीवर असायचाच. ती रोजच्या रोज नदीवर जाऊन त्या दिवसापुरती बरी होऊन यायची. गेल्या पावसाळ्यात पूर आला, घाट बुडाला, तेव्हा मनुबाईनं तिला घरात थांबवलं होतं. पूर ओसरला तोवर सुलाबाई पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजली होती. घरच्यांना वाटलं, सर्दी झाली असेल.

आता ते कायमचं बंद होणार होतं, आणि तेही पुरणपोळी करून.

तिनं भीत भीत सासूला विचारून पाहिलं. "आत्ती, उजवल्यावर बी मी आपली जात ऱ्हाईले तर?"

"छ्या! तसं करायचं नसतं, बाय." मनुबाईनं कानाला हात लावला. "नवस फेडल्यावर परत पानी घातलं तर देवाला वाटतं, ह्यांचं मागनं राहिलंय. दुखनं माघारी बोलिवल्यावानी हुतं ते."

घाईला आणखी एक कारण होतं. शालूला विट्याकडचं स्थळ आलं होतं. मुलाचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान, माणसं तालेवार. पण मध्यस्थानं कानावर घातलं होतं, की मुलीची वहिनी डोक्यानं बरी नाही असं पाहुण्यांनी ऐकलंय. मनुबाईनं त्याला तोंडी उत्तर दिलं नाही. गावजेवण हेच तिचं उत्तर होतं. नवस फिटला म्हणजे सून बरी झाली, हे मग कुणाला वेगळं सांगावं लागणार नव्हतं. आणि शालू ही सुलाबाईची लाडकी होती. जटा झालेलं डोकं त्या पोरीनं मांडीवर घेऊन, एकेक केस सोडवत साफ केलं होतं. तिच्या लग्नाच्या आड आपण यायचं, ह्या विचारानं सुलाबाईचं तोंड आणखीनच शिवलं गेलं.

एकदा मात्र तिनं धीर केला. दादासो गोठ्यात धार काढत होता, तिथं ती जाऊन उभी राहिली.

"आवं, मी अजून थोडं दिस पानी घातलं तर चालंल का?"

दादासोचे हात थांबले. तो वळला, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला तिला संधिप्रकाशातही दिसला. "का गं? पुन्यांदा तसं व्हाय लागलं का?"

त्याच्या आवाजात राग असता तरी तिनं पुढं बोलायचं धाडस केलं असतं. पण त्यात नुसती भीती होती. तिच्या दुखण्यात हा माणूस किती रात्री अंगणात बसून राहिला होता, ते तिला माहीत होतं.

"न्हाई, न्हाई," ती घाईनं म्हणाली. "सवय झालीया म्हनून इचारलं."

"मग हरकत न्हाई," म्हणून त्यानं मोठा श्वास सोडला आणि पुन्हा धार काढायला लागला. सुलाबाईला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि ह्या दोन्हींचं काय करायचं ते न कळून ती घरात निघून गेली.

पौर्णिमेला गाव जेवलं. वडूजकडून सुलाबाईचा धाकटा भाऊ आकाराम लुगडं घेऊन आला होता. त्यानं मनुबाईच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडत म्हणाला, "आत्ती, माज्या आक्काला तुमी जगिवलंसा." मनुबाईही रडली. सगळे सुलाबाईकडं कौतुकानं बघत होते, आणि तिला आपल्याच जेवणावळीत आपण चोरून शिरल्यासारखं वाटत होतं.

पंगती बसण्याआधी गुंडा गुरवानं देवाला कौल लावला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर नवस पोचला, डावी पडली तर अजून काही राहिलं. सगळं गाव हात जोडून उभं होतं. सुलाबाईनंही हात जोडले आणि ती मनातल्या मनात आकांतानं म्हणाली, देवा, डावी पाड. तुला सगळं दिसतंय. मला बोलवत नाही, तू तरी बोल. डावी पाड.

उजवी पाकळी पडली. गुलाल उधळला, हलगी वाजायला लागली, आणि मनुबाईनं सुनेला पोटाशी धरलं.

त्यानंतर तिनं धडपड केली नाही असं नाही. नदीच्या वेळेला जाग यायचीच. ती उठून अंगण झाडायला जायची, तर शालूनं आधीच खराटा हातात घेतलेला असायचा. "वैनी, तुमी पडा की. लय सोसलंय तुमी." धुणं घेऊन घाटावर जावं म्हटलं, तर मनुबाईनं धुण्याला बाई लावली होती. एवढंच काय, मनुबाई स्वतः चहाची कपबशी अंथरुणापाशी आणून द्यायची. आयुष्यात कुणाला बसल्या जागी चहा न देणारी मनुबाई! सुलाबाईला आधाराला धरता येईल अशी एकेक गोष्ट घरच्यांनी मायेनं तिच्या हातातून काढून घेतली, आणि बदल्यात तिला विसावा दिला. त्या विसाव्यातच ती बुडायला लागली.

पाणी नाही म्हणून ओले केस नाहीत. केस कोरडे, म्हणून विंचरायची निकड नाही. फणी हातात घेऊन ती बसून राहायची. नदीवर आत्ता बनुबाई पायऱ्यांकडं बघत असेल, असं एखाद्या सकाळी मनात यायचं आणि डोळे भरून यायचे. पुढं तेही येईनासं झालं. दादासो विचारायचा, "बरं हाय नव्हं?" ती म्हणायची, "बरं हाय." तो तेवढ्यावर समाधान मानायचा, कारण त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

विट्याचे पाहुणे शालूला बघायला यायचे होते त्या दिवशी घरात सकाळपासून गडबड होती. मनुबाईनं सुनेला माजघरात बसवलं. "तू काय बी करू नगं. नवं लुगडं नेसून बस, आनि पावन्यांफुडं जरा हसून बोल म्हंजी झालं."

हसून बोल. सुलाबाईनं आरशात बघून तोंड हलवून पाहिलं. ते हललं, पण त्याला हसू म्हणता आलं नसतं. पाहुणे हे तोंड बघणार आणि शालूचं लग्न मोडणार. आपण ह्या घरात आहोत हेच ह्या घराचं दुखणं आहे, असं तिला एकदम स्पष्ट वाटलं. रडूही आलं नाही. गणित सुटावं तसं वाटलं. दुपारी सगळ्यांची पाठ वळली, तेव्हा ती परसदारानं बाहेर पडली आणि उसातून विहिरीवर गेली.

काठ तोच होता. तिनं पाय आत सोडले. तिला मरायची हौस नव्हती. तिला फक्त उद्याची सकाळ नको होती, आणि त्यानंतरची नको होती. खाली पाणी निवांत होतं. लाईट गेल्यामुळं मोटर बंद होती, रानात कुणी नव्हतं. मागून येऊन ओढायला ह्या खेपेला मनुबाईही नव्हती. सुलाबाईनं दोन्ही हात काठावर टेकले आणि अंगाचा भार पुढं टाकला.

तेवढ्यात लाईट आली. लाईट आली की मोटर आपली आपण चालू व्हावी म्हणून दादासोनं बटणात काडी खोचून ठेवली होती. मोटर घरघरली, विहिरीतला पाइप थडथडला, निवांत पाणी एकदम हादरून गढूळ झालं, आणि सुलाबाईनं दचकून पाय वर घेतले.

पाय आपणहून वर आले होते. ते तिनं घेतले नव्हते. मरायला आलेल्या बाईला विजेच्या मोटरीची भीती वाटली, ह्याचं तिला इतकं नवल वाटलं, की ती कितीतरी वेळ तशीच गुडघे छातीशी धरून बसली. मग तिला रडू आलं, पोटातून, कुत्र्यासारखं विव्हळत. पाटाच्या तोंडाशी पाणी धो धो पडत होतं. ती उठली आणि नव्या लुगड्यानिशी त्या धारेखाली जाऊन बसली. गार पाणी टाळूवर आदळलं. अंगावर काटा आला.

धारेखाली बसूनच तिनं हात जोडले, आणि ओठ न हलवता ती काहीतरी बोलली.

मोटरीच्या खोपीत गड्यांच्या पिण्याच्या पाण्याची घागर होती. ती तिनं धारेखाली भरली, कमरेवर घेतली आणि वाटेला लागली. देवळाची वाट घरावरूनच होती. सोप्यात पाहुणे बसलेले, शालू खाली मान घालून पाटावर, मनुबाई पानाचं तबक घेऊन उभी. त्या सगळ्यांच्या देखत, भर दुपारी, लुगड्यातून पाणी निथळत, केस मोकळे, सुलाबाई रस्त्यानं गेली. तिनं मान वळवली नाही. "ही कोन?" असं पाहुण्यांतल्या एकानं विचारलेलं तिला ऐकू आलं. मनुबाईचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

गुंडा गुरव देवळाच्या ओवरीत लवंडला होता. तिला बघून तो ताडकन उठला.

"आवं वैनी, तुमचं उजवलं की! आता पानी चालत न्हाई."

"नवा बोललेय," सुलाबाई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"कुनी? मनुकाकूनं?"

"मी."

"कशाचा वो?"

"मनात बोललेय."

मनात बोललेला नवस फिटेपर्यंत उघड करायचा नसतो, आणि तो कुणी विचारायचाही नसतो, हे गुरवाला सांगायची गरज नव्हती. त्यानं एकदा घागरीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "किरिष्णेचं हाय?"

"इहिरीचं."

त्यानं डोकं खाजवलं. मग घागर उचलली आणि आत जाऊन देवावर ओतली. दगडावरून पाणी घळघळलं, तेव्हा सुलाबाईनं खराटा शोधला आणि ती देवळापुढचा पाचोळा झाडायला लागली. अंगण झाडून होईपर्यंत लुगडं वाळत आलं होतं.

दिवस कलल्यावर ती घरी आली तेव्हा पाहुणे निघून गेले होते. होय म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. "कळवतो" म्हणाले होते, आणि कळवतो म्हणजे काय ते मनुबाईला पुरतं कळत होतं. शालू आत रडत होती. दादासो खांबाला टेकून उभा होता. मनुबाईच्या तोंडाचा पट्टा मात्र सुरूच होता.

"पोरीचं वाटूळं केलंस! आज कुठला मुहूर्त काढलास? सगळ्या गावाला मी सांगून बसले, सून बरी झाली, सून बरी झाली..."

"मी बरी न्हाई, आत्ती," सुलाबाई म्हणाली.

ती हे मोठ्यानं बोलली. आत शालूचं रडणं थांबलं.

"मी बरी झाले नव्हते. पानी घालत हुते तवर चालत हुते. तुमी पानी उजवलंसा. आज मी परत तिथंच गेले हुते, जिथनं तुमी मला वडून आनली हुती."

मनुबाई मटकन खाली बसली. ती जागा कुठली ते त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं. तिचा हात आपोआप पुढं आला आणि तिनं सुनेचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. दिवेलागण झाली होती, पण दिवा लावायला कुणी उठलं नाही.

"माघारी कशी आलीस मग?" मनुबाईनं विचारलं.

"भ्याले."

मनुबाई म्हणाली, "देवानं उजवी दिली की गं. मला वाटलं..." आयुष्यात हाती घेतलेलं प्रत्येक काम तिनं शेवटाला नेलं होतं, आणि हे शेवटाला नेता नेता आपण काय करून बसलो असतो, ते तिला आत्ता दिसत होतं. सुलाबाईनं दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"आनि आता काय बोललीस देवाला?" मनुबाई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "ऱ्हाऊ दे. सांगायचं नसतं."

"तुमास्नी सांगते. उद्या सकाळी उठू दे, एवढंच मागितलंय."

"आनि परवा?"

"परवाचं उद्या मागीन."

हा नवस कधी फिटायचा नव्हता, ह्याचं गावजेवण कधी घालता यायचं नव्हतं, आणि विट्याच्या पाहुण्यांना ह्यातलं काही सांगता येणार नव्हतं. मनुबाईनं पदरानं नाक पुसलं. खांबाशी उभ्या असलेल्या दादासोला तिनं दिवा लावायला सांगितलं, शालूला ताटं घ्यायला सांगितलं. मग ती सुनेचं मनगट न सोडताच म्हणाली, "चल, दोन घास खाऊन घे आनि पड. पाटंचं उठायचं हाय तुला."